भेट: मूजँची आणि शिकागोची

मराठीत ‘भेट’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक माणूस दुसऱ्याच्या घरी जातो ती भेट, आणि एकाने दुसऱ्याला प्रेमाने दिलेली वस्तू हीसुद्धा भेट. शिकागो शहराच्या मध्यावर, आज डेली सेंटर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या इमारतीसमोरच्या चौकात पाब्लो पिकासोचे ५० फूट उंचीचे पोलादी शिल्प उभे आहे. त्याचा इतिहास वाचताना हे दोन अर्थ एकमेकांपासून वेगळे करता येत नाहीत. १९६३ पासून पुढची काही वर्षे शिकागोचे वास्तुविशारद विल्यम हार्टमन दक्षिण फ्रान्समधल्या मूजँ या गावी पिकासोच्या घरी वारंवार जात राहिले. १५ ऑगस्ट १९६७ रोजी शिल्पाचे अनावरण झाले. आधी शहराने त्याला नावे ठेवली आणि मग आपलेसे केले, अशी त्याची गोष्ट सहसा सांगितली जाते. ती खोटी नाही, पण तिच्यात कारण सापडत नाही. माझ्या मते ते कारण मूजँच्या त्या घरातल्या बोलण्यांत आहे. तिथे दोन्ही बाजूंनी एरवी कोणी सोडत नाही असे हक्क सोडले. चौकातले शिल्प लोकांचे झाले ते त्यामुळे.

या शिल्पाची मागणी एका इमारतीतून निघाली. न्यायालये आणि सरकारी कार्यालयांसाठी बांधलेल्या शिकागो सिव्हिक सेंटरचे, म्हणजे आजच्या डेली सेंटरचे, मुख्य रचनाकार जॅक ब्राउन्सन हे वास्तुविशारद मीस व्हान डेर रोहे यांचे शिष्य. ३१ मजल्यांची, ६४८ फूट उंच अशी ही इमारत १९६५ मध्ये पूर्ण झाली. तिच्यासाठी वापरलेले ‘कॉर-टेन’ पोलाद उघड्यावर गंजते, पण त्या गंजाचाच दाट थर तयार होऊन आतला धातू वाचतो, आणि रंग काही वर्षांत गडद तपकिरी होतो. इमारतीसमोर मोठा मोकळा चौक सोडला होता आणि तिथे काय ठेवायचे हा प्रश्न होता. प्रकल्पावर तीन वास्तुविशारद संस्था काम करत होत्या. हार्टमन त्यांपैकी स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल या संस्थेचे भागीदार. हयात कलावंतांपैकी सर्वांत मोठ्याकडे जायचे, असे या मंडळींनी ठरवले. महापौर रिचर्ड डेली यांना आधुनिक कलेची विशेष ओढ नव्हती, तरी तुम्हाला तो सर्वांत मोठा वाटत असेल तर जा, असे म्हणून त्यांनी मोकळीक दिली. स्मारक कोणाचे, याविषयी त्यांनी काहीही अट घातली नाही, आणि मला ही बाब सर्वांत महत्त्वाची वाटते.

तिचे मोल कळण्यासाठी त्याआधीची स्मारके पाहायला हवीत. समिती नेमायची, विषय ठरवायचा, रक्कम आणि मुदत लिहून द्यायची, मग कलावंताने आणलेला नमुना आपल्या मनातल्या चित्राशी ताडून पाहायचा, ही एकोणिसाव्या शतकातली रूढ पद्धत. पॅरिसच्या साहित्यिकांच्या संस्थेने १८९१ मध्ये शिल्पकार रोदँला कादंबरीकार बाल्झाकचा पुतळा करायला सांगितला. सात वर्षांनी त्याने जे दाखवले ते तिने नाकारले. रोदँने घेतलेले पैसे परत केले आणि पुतळा म्यूदोंच्या आपल्या घरी नेला. तो पॅरिसच्या रस्त्यावर उभा राहिला १९३९ मध्ये, शिल्पकाराच्या मृत्यूनंतर तब्बल बावीस वर्षांनी. खुद्द पिकासोचा अनुभव याहून फारसा वेगळा नव्हता. त्याचा जिवलग मित्र, कवी गीयोम अपोलिनेर १९१८ मध्ये वारला. स्मारकासाठी पिकासोने १९२८ च्या सुमारास लोखंडी तारांच्या पोकळ, हवेत रेघा ओढल्यासारख्या रचना सुचवल्या. समितीला त्या पटल्या नाहीत. पुढे तीस वर्षे हे घोंगडे भिजत पडले आणि १९५९ मध्ये साँ-जेर्माँ-दे-प्रे इथल्या चर्चलगतच्या बागेत पिकासोने आधीच कधीतरी केलेले, त्याची एकेकाळची सहचरी दोरा मार हिचे डोके बसवले गेले. मित्राच्या स्मारकावर चेहरा दुसरीचाच. समितीला हवे होते ते कलावंताला द्यायचे नव्हते, आणि त्याला द्यायचे होते ते समितीला घ्यायचे नव्हते. मागणी आणि पुरवठा या भाषेत बोलत राहिले की हे अटळ असते.

१९६३ मध्ये हार्टमन ज्या दारात गेले त्यामागे हा इतिहास होता. पिकासो तेव्हा ८१ वर्षांचा होता. नोत्र-दाम-द-व्ही या मूजँच्या घरात तो पत्नी जॅकलीनसह राहत असे आणि तिथे कोणालाही सहज प्रवेश नव्हता. ओळख करून दिली रोलंड पेनरोज यांनी. ते पिकासोचे इंग्रज मित्र आणि चरित्रकार. कलावंताने शहरात येऊन जागा पाहावी अशी अपेक्षा ठेवणे व्यर्थ होते. पिकासो १९४४ पासून कम्युनिस्ट पक्षाचा सभासद होता, १९५० मध्ये शांतता परिषदेच्या प्रतिनिधी मंडळातून येऊ पाहणाऱ्या पिकासोला अमेरिकेने व्हिसा नाकारला होता, आणि तो आयुष्यात कधी अमेरिकेला गेला नाही. म्हणून शहरालाच त्याच्या घरी जावे लागले. हार्टमन ते कसे घेऊन गेले, हे पाहण्यासारखे आहे. त्यांच्याजवळ चौकाचा आराखडा आणि लहान प्रतिकृती होती, पण छायाचित्रांचा एक संग्रहही होता. त्यात शिकागोच्या संग्रहालयांतली पिकासोची चित्रे होती, शहराचे रस्ते आणि सरोवराकाठ होता, या भूमीतून आलेली नामवंत माणसे होती. त्यांत अर्नेस्ट हेमिंग्वेचा फोटो पाहताच पिकासो खुलला. हा आपला मित्र, बैलझुंजीतले सगळे याला आपण शिकवले, असे तो म्हणाल्याची आठवण नोंदली गेली आहे. पुढच्या खेपांना हार्टमन यांनी सू या मूळ अमेरिकी लोकांचा पिसांचा शिरपेच नेला, अग्निशमन दलाची टोपी नेली, शहराच्या बेसबॉल आणि फुटबॉल संघांचे कपडे आणि शिरस्त्राण नेले. मुखवटे आणि टोप्या यांचे वेड असलेल्या माणसासाठी याहून चांगला आहेर कोणता असणार? आपण एखाद्याकडे शब्द टाकायला जातो तेव्हा मूळ विषय सोडून इकडचे तिकडचे बोलतो आणि समोरच्याला भीड पडेल पण ओझे होणार नाही अशा बेताने बसतो. हार्टमन यांनी नेमके तेच केले.

या सौजन्यालाच काहींनी हरकत घेतली आहे. म्हातारपणी एकाकी झालेल्या श्रीमंत कलावंताला खेळणी दाखवून भुलवले, अशी तिची मांडणी करता येईल. पण पुरावा या बाजूने फारसा पडत नाही. पिकासोने सुरुवातीला कसलाच शब्द दिला नाही. सांगून घेतलेली कामे आपण करत नाही, हे तो जगाला पूर्वीपासून सांगत आला होता. पेनरोज यांनी नोंदवले आहे की आपण गुंडांसाठी गाजलेल्या दोन थोर शहरांसाठी, मार्सेय आणि शिकागोसाठी, एकाच वेळी काम करतो आहोत याची त्याला मौज वाटत होती. हे भुललेल्या माणसाचे बोलणे नाही. शिवाय त्याने जे केले ते त्याच्या स्वतःच्या वाटेवरचे होते. वालोरीसच्या कारागिरांच्या मदतीने तो १९५० च्या दशकापासून पत्रा कापून, वाकवून स्त्रीमस्तके करत होता, आणि १९२८ च्या त्या नाकारलेल्या तारांच्या रेघाही मनात होत्याच. १९६५ मध्ये तयार झालेल्या ४२ इंची पोलादी नमुन्यात या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या. पुढे सपाट चेहरा, मागे पंखांसारखे फाकलेले दोन पत्रे आणि मध्ये विणलेल्या पोलादी सळ्या. पॅरिसच्या समितीने परत पाठवलेली कल्पना जवळजवळ चाळीस वर्षांनी शिकागोत उभी राहिली असे मला वाटते, आणि ती उभी राहू शकली कारण शिकागोच्या पाहुण्यांनी विषय मागितलाच नव्हता.

नमुना पाहून हार्टमन यांनी एक लाख डॉलरचा धनादेश पुढे केला. पिकासोने तो घेतला नाही. ऑगस्ट १९६६ मध्ये त्याने दानपत्रावर सही केली. त्याचा आशय स्पष्ट होता. हे शिल्प शिकागोच्या चौकासाठी मुद्दाम घडवले आहे, ते आणि त्याच्या प्रतिकृतीचा हक्क शहराच्या सार्वजनिक बांधकाम आयोगाला दिला आहे, नमुना आर्ट इन्स्टिट्यूटला दिला आहे, आणि या संस्थांच्या द्वारे दोन्ही भेटी शिकागोच्या लोकांच्या व्हाव्यात अशी दात्याची इच्छा आहे. देणारा शहराच्या अधिकाऱ्यांना ओलांडून थेट लोकांकडे पाहतो, असे दानपत्रात क्वचित आढळते. (नमुना गेला ती आर्ट इन्स्टिट्यूटची इमारत आपल्याला दुसऱ्या कारणाने परिचित आहे. १८९३ ची सर्वधर्म परिषद तिथेच भरली आणि विवेकानंद तिथेच बोलले. त्यानंतर वीस वर्षांनी आधुनिक युरोपीय चित्रांचे गाजलेले प्रदर्शन याच वास्तूत आले तेव्हा तिथल्या विद्यार्थ्यांनी चित्रकार मातीसवर खोटा खटला भरून त्याला दोषी ठरवले होते.)

फुकट दिले म्हणतात, पण शिल्पाला साडेतीन लाख डॉलरहून जास्त खर्च आला, मग भेट कसली, असाही एक आक्षेप आहे. त्यातला खर्चाचा आकडा बरोबर आहे. इंडियाना राज्यातल्या गॅरी इथे यू. एस. स्टीलच्या अमेरिकन ब्रिज विभागाने ते घडवले. आधी साडेबारा फुटांची लाकडी प्रतिकृती करून भार आणि वारा यांचा अंदाज घेतला गेला, मग इमारतीचेच कॉर-टेन पोलाद कापले गेले, सगळे जोडून पाहिले, पुन्हा सुटे केले आणि चौकात आणून उभे केले. वजन सुमारे १४७ टन. खर्चाचा मोठा भाग तीन धर्मादाय निधींनी उचलला. पण या आकड्यांतून माझ्या मुद्द्याला बळच मिळते. पुलांचे गर्डर करणारे कामगार आणि अभियंते यांनी ४२ इंचांचे सुमारे १४ पट केले, आणि पिकासोने त्या पोलादाला कधी हात लावला नाही. मोठे शिल्प त्याने डोळ्यांनी पाहिलेसुद्धा नाही. १९७३ मध्ये मूजँ इथेच तो वारला. त्याने स्वतःच्या हाताच्या ठशाचा आग्रह सोडला, मोबदला सोडला आणि हे काम दुसऱ्यांच्या कसबावर सोपवले. ज्याने आयुष्यभर आपल्या सहीची किंमत जाणली, त्याच्यासाठी हे लहान सोडणे नव्हते.

आता सर्वांत जड आक्षेप. हे सगळे मूठभर पुरुषांनी दिवाणखान्यात ठरवले. शिकागोच्या पस्तीस लाख नागरिकांपैकी कोणाला विचारले होते? आणि वेळ कोणती? दानपत्रावर सही झाली त्याच महिन्यात मार्टिन ल्यूथर किंग शिकागोच्या गोऱ्या वस्त्यांतून घरांच्या हक्कासाठी मोर्चे काढत होते. ५ ऑगस्ट १९६६ ला मार्केट पार्कमध्ये त्यांना दगड लागला. महिनाअखेर डेली यांच्याशी तडजोड झाली, आणि तिची अंमलबजावणी पुरेशी झाली नाही हेही सर्वमान्य आहे. अशा शहराच्या महापौराला जगप्रसिद्ध कलावंताची पोलादी बाई हवी होती, यात प्रतिष्ठेचा भाग नव्हता असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. ग्वेंडोलिन ब्रुक्स या थोर कृष्णवर्णीय कवयित्रीला ही अडचण तेव्हाच दिसली असावी. पिकासोच्या अनावरणाला तिने कविता वाचली. अनावरणाच्या त्याच ऑगस्टमध्ये, १९६७ साली, दक्षिण शिकागोत, त्रेचाळिसाव्या रस्त्यावर लँग्लीच्या कोपऱ्यावर, कृष्णवर्णीय कलावंतांच्या एका गटाने एका जुन्या इमारतीची भिंत आपल्या समाजातल्या वीरांच्या चित्रांनी भरली. तिला ‘वॉल ऑफ रिस्पेक्ट’ म्हणतात. तिच्यासाठीही ब्रुक्सने कविता लिहिली आणि पुढे दोन्ही कविता एकाच शीर्षकाखाली छापल्या. दिवाणखान्यातून आलेले शिल्प आणि गल्लीतून उगवलेली भिंत, दोन्हीला तिने एका जोडीत बसवले.

भिंतीपाशी आले की माझा युक्तिवाद अडचणीत येतो हे मान्य करतो. तिथे विषय होता, आणि तोच तिचा प्राण होता. त्या वस्तीला स्वतःचे नायक स्वतः निवडायचे होते, अमूर्त आकृतीने ती भूक भागली नसती. विषय सोडला की काम लोकांचे होते, असा सरसकट नियम मांडता येणार नाही. पण भिंतीचे पुढे काय झाले? १९७१ मध्ये इमारतीला आग लागली आणि मग ती पाडली गेली. चित्रकारांनी वस्तीला सर्वस्व दिले, पण भिंत त्यांच्या मालकीची नव्हती. त्यांच्या हाती दानपत्र नव्हते, कारण दान करायला आधी हक्क असावा लागतो. मूजँच्या घरात बसलेल्या माणसाकडे तो हक्क होता, आणि शहरातल्या कृष्णवर्णीय वस्तीकडे नव्हता. पिकासोच्या शिल्पाचे भाग्य सांगताना हा भेद सांगितलाच पाहिजे. त्याने शिल्पाचे मोल कमी होत नाही, पण त्या वर्षीच्या शिकागोचा हिशेब पुरा होतो.

अनावरणानंतर लोक गोंधळले. कोणाला ते माकड वाटले, कोणाला पक्षी, कोणाला पिकासोचा अफगाण कुत्रा. पत्रकार माइक रॉयको याला त्यात शहराचा हावरट चेहरा दिसला. नगरसेवक जॉन हेलन यांनी तर हे परत पाठवून इथे बेसबॉलपटू अर्नी बँक्सचा पुतळा बसवा असा ठराव आणला. तो मंजूर झाला नाही. बँक्सचा पुतळा २००८ मध्ये त्याच्या मैदानापाशी उभा राहिला आणि तो तिथेच शोभतो. डेली यांनी अनावरणाच्या वेळी आज अनोळखी वाटते ते उद्या ओळखीचे होईल अशा अर्थाचे वाक्य म्हटले होते, आणि ते खरे ठरले. पण नुसत्या सवयीने ते घडले असे मला वाटत नाही. आपल्याकडे पुतळा म्हटला की मागोमाग ‘विटंबना’ हा शब्द येतो. पुतळ्याला नाव असते, त्या नावाला अनुयायी असतात, म्हणून त्याला कुंपण लागते. पिकासोने आपल्या आकृतीला नावच दिले नाही. जिला नाव नाही तिला माकड म्हटल्याने कोणाचा अपमान होणार? म्हणून तिच्या उतरत्या पायथ्यावर पोरे घसरगुंडी खेळतात, खेळांच्या मोठ्या विजयात तिच्या डोक्यावर संघाची टोपी चढते, समोर भाजीबाजार भरतो आणि निदर्शनेही होतात. थट्टा सहन करण्याची ही ताकद तिला विषय सोडल्याने मिळाली.

राहिला प्रतिकृतीचा हक्क, आणि इथे इतिहासाने माझ्या तर्काला अनपेक्षित साथ दिली. लोकांसाठी मिळालेला हक्क आयोगाला स्वतःकडे राखायचा होता. पूर्ण झालेल्या शिल्पावर त्याने स्वामित्वहक्काची सूचना कोरली. परंतु त्याआधी प्रसिद्धीच्या घाईत नमुन्याचे फोटो वृत्तपत्रांना मोकळेपणाने दिले होते आणि आर्ट इन्स्टिट्यूटने त्याची पोस्टकार्डे विकली होती. कशावरही सूचना नव्हती. एका प्रकाशन संस्थेने दावा लावला आणि १९७० मध्ये संघीय न्यायालयाने निकाल दिला की १९०९ च्या कायद्यानुसार हे काम सार्वजनिक झाले आहे, त्यावर कोणाचाही एकाधिकार नाही. दानपत्रात पिकासोने बोलून दाखवलेली इच्छा आयोगाच्या हलगर्जीने पुरी झाली. शहराच्या दृष्टीने तो पराभव होता, पण मला तो त्या भेटीचा शेवटचा हप्ता वाटतो. शिकागोतल्याच दुसऱ्या शिल्पाकडे पाहिले की फरक कळतो. मुंबईत जन्मलेले अनिश कपूर यांचे ‘क्लाउड गेट’ २००६ मध्ये पूर्ण झाले. आरशासारख्या या शिल्पावर शहराने पिकासोइतकेच प्रेम केले आणि त्याला ‘बीन’, म्हणजे घेवड्याचा दाणा, असे लाडके नाव दिले. पण त्याचा स्वामित्वहक्क कलावंताकडे आहे. २००५ मध्ये व्यावसायिक छायाचित्रकारांना तिथे परवाना मागितला गेला तेव्हा लोक चिडले. कपूर यांची बाजूही खरी आहे. बंदूक बाळगण्याच्या हक्कासाठी लढणाऱ्या अमेरिकी संघटनेने आपल्या चित्रफितीत शिल्प वापरले म्हणून त्यांनी २०१८ मध्ये तिच्यावर दावा लावला आणि ती प्रतिमा काढून टाकायला लावली. पिकासोच्या शिल्पाला असे संरक्षण नाही. कोणीही त्याचा कसाही वापर करू शकतो, आणि वाईट वापर झाला तर विचारणारा कोणी नाही. सगळे सोडून दिल्याची ही किंमत आहे आणि ती खरोखरच मोजावी लागते. सार्वजनिक जागी कायम उभ्या असलेल्या शिल्पाचा फोटो किंवा चित्र काढून प्रसिद्ध करायला आपला १९५७ चा कायदा मोकळीक देतो. अमेरिकी कायद्यात शिल्पांसाठी अशी तरतूद नाही, म्हणून तिथे एका निकालाने इतका फरक पडला.

नंतर त्याच शहरात काल्डरचे काम आले, शागालचे आले, चौकाच्या समोरच्या बाजूला मिरोचे शिल्प आले, द्युबुफेचे आले. सरकारी बांधकामाच्या खर्चातला काही वाटा कलेसाठी राखायचा नियम शिकागोने १९७८ मध्ये केला. आता समित्या आहेत, करार आहेत, नागरिकांच्या बैठका आहेत, आणि त्या असायलाच हव्यात. शिरपेच घेऊन कोणाच्या घरी जाण्याची पद्धत नियमात बसवता येत नाही. पिकासोच्या शिल्पाला मात्र आजही शीर्षक नाही. लोक त्याला नुसते ‘पिकासो’ म्हणतात, आणि शहराच्या मध्यभागी कोणाला गाठायचे असेल तर ‘पिकासोपाशी भेटू’ असे सांगतात.